काकूचा पहिला गुन्हा

आमच्या गावात कायदा सगळ्यात जास्त कोण पाळतं असं कुणी विचारलं, तर मी पोलीस पाटलांचं नाव घेणार नाही. देवमनआबा माणूस चांगला आहे, पण ते स्वतः एक नातू टाकीवर आणि दोन नाती मागे बसवून मोटरसायकलवर वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजाराला जातात. मी शेफाली काकूचं नाव घेईन. गोलूकाकाची बायको.

काकू ट्रिपल सीट बसत नाही. काका किती का विनवेना, ती पिशवी उचलते आणि पायी निघते. एसटीत गर्दी असली आणि कंडक्टर तिच्यापर्यंत पोचला नाही, तर ती लोकांच्या बगलेतून हात घालून त्याचा शर्ट ओढते आणि तिकीट मागते. वाशीमच्या स्टेशनवर सगळी दुनिया रूळ ओलांडून पलीकडे जाते. आमची काकू एकटी पूल चढते, आणि आम्ही पलीकडे पोचून तिची वाट पाहत उभे. बाबांनी वावरातल्या मोटरीसाठी तारेवर आकडा टाकला, की त्या दिवशी काकू त्या वावरात पाय ठेवत नाही. आमच्या घराला लागून भुरीबाईचं सीताफळाचं झाड आहे. त्याची निम्मी फांदी कुंपणावरून आमच्या अंगणात लोंबते. फळं पिकून आमच्या तुळशीपाशी पडतात. मी तर वाटही पाहत नाही, फांदीवरचीच तोडते. काकू मात्र पडलेलं फळ उचलते, पदराला पुसते आणि भुरीबाईच्या ओट्यावर ठेवून येते.

एकदा मी तिला म्हटलं, काकू, एक सीताफळ खाल्लं तर काय फाशी देतात का.

ती हसली. म्हणाली, “तुले नाई देत, वैशू. तू चोरलं तं लोक हासतात. म्या चोरलं तं लोक माहं गाव इचारतात.”

काकूचं गाव नकाशात आहे. पण आमच्या भूगोलाच्या पुस्तकात भारताचा नकाशा जिथे संपतो, त्याच्या थोडं पलीकडे. खुलना नावाच्या शहराजवळ. ती चालायला शिकली नव्हती तेव्हा तिच्या आईनं तिला कडेवर घेऊन इकडे आणलं. आई कोलकात्यात भांडी घासायची, मग पुण्याला आली आणि तिथेच वारली. काकूला तिकडचं काही आठवत नाही. तिकडचा कागद नाही आणि इकडचाही नाही. गोलूकाका पुण्यात इमारतीवर सळ्या बांधायचा, ती तिथेच विटा वाहायची. आमच्याकडे वावरात राबणाऱ्या पोराला कुणी पोरगी देत नाही, ही गोष्ट जगाला माहीत आहे. काका तर तिशी ओलांडून गेला होता. एक दिवस तो हिला घेऊनच घरी आला.

बाबा तेव्हा किती तरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आई बोलली. आईनं काकूला भाकर थापायला शिकवली, ठेचा कुटायला शिकवला आणि बोलायला पण शिकवलं, म्हणून काकू माझ्यापेक्षा चांगलं वऱ्हाडी बोलते. काकूनं आईला एकच गोष्ट शिकवली. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी तो कच्चा कांदा, मिरची आणि मिठाशी खायचा. आई आधी नाक मुरडायची. एका उन्हाळ्यात आईनं तो चाखला आणि तेव्हापासून उन्हाळाभर आमच्या घरात रात्रीचा भात मुद्दाम जास्त शिजतो.

गावाला आम्ही सांगितलं होतं की काकू बंगालची, मालदाकडची. बरेच दिवस कुणी विचारलं नाही. मग बायांसाठी सरकारची योजना आली, गावातल्या सगळ्या बाया कागद घेऊन फॉर्म भरायला गेल्या, आणि काकू गेली नाही. भुरीबाईनं तिथेच हिशोब लावला. आता मोबाइलवर रोज काही ना काही येतं, अमुक शहरात इतके पकडले, हे लोक चोऱ्या करतात, हे लोक असेच. भुरीबाई कुंपणापाशी उभी राहून तिच्या सुनेला ते मोठ्यानं वाचायला लावायची. काकू धुणं वाळत घालत असायची. आईला राग यायचा, पण आई काही बोलायची नाही.

आता महालक्ष्म्यांचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं.

आमच्याकडे भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा येतात. दोघी बहिणी, माहेरी आलेल्या. धड म्हणजे पत्र्याच्या दोन छोट्या कोठ्या, त्यांना साडी नेसवायची आणि वर पितळी मुखवटे बसवायचे. घरातलं असेल नसेल तेवढं सोनं त्या दिवसांत त्यांच्या अंगावर. आईची एकदाणी पण. एकदाणी म्हणजे सोन्याच्या गोल मण्यांची एकच सर. माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, जाताना स्वतःच्या गळ्यातून काढून आईच्या गळ्यात घातलेली. ती आखूड आहे, कोठीच्या खांद्यावर बसत नाही, म्हणून आई ती ज्येष्ठेच्या मुखवट्याच्या गळ्यालाच मागून दोऱ्यानं बांधते. तिसऱ्या दिवशी निरोप. मुखवटे हलवायचे, दागिने उतरवायचे, मुखवटे नव्या खणात गुंडाळून गव्हाच्या मोठ्या कोठीत खोल पुरायचे. मग पुढच्या भाद्रपदापर्यंत त्यांचं तोंड पाहायचं नाही. आमच्या घरात ते कुणीच कधी मोडलेलं नाही.

यंदा निरोपाच्याच दिवशी बाबांचा फोन वाजायला लागला. शेलूबाजारचे थोरले चुलत आजोबा आधीपासून आजारी होते. आईनं फोनकडे पाहिलं आणि म्हणाली, उचलू नका. कारण सुतक कानावर आलं की लागतं. कानावर येईपर्यंत लागत नाही. एकदा लागलं की महालक्ष्म्यांना हात लावता येत नाही आणि त्या बिचाऱ्या निरोपाविना तशाच ताटकळत बसतात. मग भाऊबंदकीच्या ग्रुपवर टुणटुण सुरू झाली. आई म्हणाली, ग्रुप उघडू नका. मग बाबांचे चुलतभाऊ हरीओमकाका स्वतःच मोटरसायकल घेऊन फाटकात हजर. बाबा धावत गेले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, “बोलू नको. पह्यले चहा घे.” हरीओमकाका पण आमच्यातलेच, त्यांना समजलं. तोंड मिटून चहा घेत उभे राहिले. आत आईची धांदल. ती दागिने उतरवून ताटात टाकत होती, काकू ताट धरून उभी होती, मी अक्षता शोधत होते. मुखवटे खणात गेले, कोठीत गेले, झाकण लागलं. आई पदर सावरून बाहेर आली आणि म्हणाली, हं भाऊ, आता सांगा. हरीओमकाका लगेच रडायला लागले.

त्यानंतर सुतक, मग सोयाबीनची सोंगणी. दागिन्यांचा डबा कुणी उघडला नाही. मामाच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं तेव्हा आईनं उघडला. एकदाणी नव्हती.

घर उलटं केलं. गाद्या, डबे, देवघर, माझं दप्तर सुद्धा. आई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, मी सगळं उतरवलं, ताटात टाकलं, ताट शेफालीच्या हातात दिलं. ती आरोप करत नव्हती. नुसतं आठवत होती. पण खिडक्या उघड्या होत्या आणि भुरीबाई भुईमुगाच्या शेंगा फोडायला नेमकी कुंपणाशी बसलेली. दुसऱ्या दिवशी दळणाच्या चक्कीवर एक बाई मला म्हणाली, तुमच्या घरात ते बांगलादेशी हाय न वं, मंग आणखी काय होईन. सगळ्या चक्कीनं ऐकलं. मी पीठ तिथेच सोडून घरी आले.

त्याच सकाळी देवमनआबा आले. चहा नको म्हणाले, त्यावरूनच मला कळलं की ते पाहुणे म्हणून आले नाहीत. ओट्याच्या कडेवर बसून त्यांनी बाबांना सांगितलं की गावात बोभाटा झाला आहे, आणि चोरी झाली असेल तर ती त्यांना वर कळवावी लागेल. आईनं विचारलं, कळवलं तर काय होते. आबांनी काकूकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

“चोर कोण ते मागून निघते, वैनी. ठाण्यात कागद आधी निघतात. इचार करून ठेवा, मी सांजच्याले येतो.”

ते गेले. मला आधी वाटायचं की ठाणं म्हणजे चोरांची जागा. त्या दिवशी कळलं की काकूनं काहीच केलं नसेल तरी ती तिथून परत येणार नाही. तिला अशा गावी सोडून देतील जिथलं एक झाडसुद्धा तिला ओळखत नाही.

गोलूकाका पोत्यात कपडे भरायला लागला. म्हणाला, पुण्याले जातो, आत्ताच्या आत्ता. बाबा म्हणाले, आज पळाली तर चोरी हिच्याच नावावर बसेल, आणि आपल्या घराचं दार हिला कायमचं बंद. काका पोतं धरून तसाच उभा राहिला. काकू आत गेली आणि तिची पत्र्याची पेटी घेऊन आली. ती खाटेवर ठेवली, उघडली आणि एक एक वस्तू बाहेर मांडायला लागली. साड्या. एक कंगवा. तिच्या आईची शंखाची बांगडी, तडा गेलेली. माझ्या जुन्या गॅदरिंगचा फोटो. आईनं दिलेली हिरवी पैठणीकाठाची साडी, जी तिनं एकदाच नेसली होती, अजून घडी तशीच.

“पाहून घ्या, ताई,” काकू म्हणाली. “झटकून पाहा.”

आईनं पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, “म्या तुले चोर म्हटलं नाई, शेफाली. पण माह्या हातानं दिलं ते मी कशी इसरू?”

खरं सांगते, तोपर्यंत मी गप्प होते. आमच्या घरात पोरींनी अशा वेळी बोलायचं नसतं. पण यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून माझ्या पोटातलं पोटात राहत नाही. मी उठून मधे उभी राहिले आणि म्हटलं, आई, तुझ्या हाताला विचारू.

कुणाला काही समजलं नाही. मी समजावलं. शाळेत आम्ही नाटक बसवतो, तेव्हा मला माझं वाक्य आठवत नाही, पण जागेवर जाऊन उभं राहिलं की आपोआप येतं. तर आपण त्या दिवसाचं नाटक करू. जो जिथे होता तिथे त्यानं उभं राहायचं. गोलूकाका म्हणाला, पोट्टी येडी झाली. बाबा मात्र उठले. मला वाटतं, काहीच न करता बसणं त्यांना जास्त जड जात होतं. ते फाटकात गेले आणि समोर कुणीच नसताना हात वर करून उभे राहिले. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. हरीओमकाकांच्या जागी मी गोलूकाकाला रिकामा कप देऊन उभं केलं. दोन छोट्या कोठ्या आणून ठेवल्या, मुखवट्यांच्या जागी दोन तांबे पालथे घातले. ज्येष्ठेच्या तांब्याला माझी शाळेची माळ दोऱ्यानं मागून बांधली. काकूच्या हातात ताट दिलं. ताट वाजत होतं.

“आता उतरव,” मी आईला म्हटलं.

आई आधी लाजली. मग तिनं हात उचलले आणि हात चालायला लागले. नथ, हार, कंबरपट्टा, सगळं हवेतलं, एक एक काढून ताटात. ज्येष्ठेच्या गळ्यामागे बोटं गेली. गाठ निघत नव्हती. मी तर माळ घट्टच बांधली होती. तेवढ्यात मी बाबांचा फोन वाजवला, कारण त्या दिवशी तो वाजत होता.

आईचे हात गाठीवरून निघाले. तिनं तांबा दोन्ही हातांनी उचलला, माळेसकट, आणि खण नव्हता म्हणून पदरात गुंडाळला.

आणि तशीच थांबली.

पदरातल्या त्या तांब्याकडे ती पाहत राहिली. काकूच्या हातातलं ताट वाजायचं बंद झालं. मग आम्ही सगळ्यांनी कोपऱ्यातल्या गव्हाच्या कोठीकडे पाहिलं.

मी झाकणाला हात लावला तर आईनं माझ्या हातावर चापट मारली. वर्ष झालं नाही, ती म्हणाली. वर्षाच्या आत तोंड पाहायचं नसते. बाबांनी फाटकातून मान हलवली, तेही घाबरले होते. आमच्या घरात असं कधी झालं नाही, याचा अर्थ असं केलं तर काय होतं हेही कुणाला माहीत नाही. काकू हळूच म्हणाली, “राहू द्या, ताई. माह्यासाठी देवाले नका उठवू.”

त्या वाक्यानं आईचं काय झालं कोण जाणे. तिनं बाह्या वर केल्या.

“माहेरवाशिणी हायेत त्या,” ती म्हणाली. “एक खेप जास्त आल्या तं मायबाप काय हाकलून देतात का?”

झाकण निघालं. आईचा हात गव्हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. गाल गव्हाला टेकला. गहू खळखळ सरकत होता. तिनं खणाचं गाठोडं वर काढलं, मांडीवर घेतलं आणि सोडलं. ज्येष्ठा आमच्याकडे पाहत होती, डोळ्यांतलं काजळ जरा पुसलेलं, ओठांवर गव्हाचा कोंडा. गळ्यात एकदाणी.

गोलूकाका कप हातात धरून फाटकातच खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. आई उठली. मला वाटलं ती आता काकूला काही म्हणेल, हात जोडेल वगैरे. आईनं तसं काही केलं नाही. ती खाटेपाशी गेली आणि काकूच्या वस्तू पुन्हा पेटीत ठेवायला लागली. साड्या झटकल्या नाहीत, उलट प्रत्येकीची घडी नीट केली. शंखाची बांगडी तिनं स्वतःच्या पदरानं पुसली आणि रुमालात ठेवून मग आत ठेवली. हिरवी साडी मात्र बाहेरच ठेवली.

“हे नेस,” ती म्हणाली. “अन् पीठ काढ. पुरण काई होत नाई आता. दोघी आल्या हायेत तं झुणका-भाकर खातीन.”

काकू तशीच उभी. आईनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. ते कोपऱ्यात ठेवताना आई म्हणाली, “नेस न वं. मले आणखी रडवू नको.”

मग दोघी महालक्ष्म्या पाटावर बसल्या, झुणका-भाकर खायला. कनिष्ठा पण बाहेर काढली होती, एकटीला कसं ठेवणार.

देवमनआबा आले तेव्हा आई ओट्यावरच होती. तिनं सगळं सांगितलं, आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं की कुंपणापलीकडे शेंगा फोडायचा आवाज बंद झाला. चूक माझी होती, ती म्हणाली, माझ्या दोन हातांची. आबांनी एकदाणी पाहिली, मुखवट्यांना नमस्कार केला आणि या वेळी चहा मागून घेतला. चोरीच नाही तर मी काय कळवू, म्हणाले. पण उठताना बाबांना बाजूला घेऊन त्यांनी हेही सांगितलं की आज ते आले, उद्या दुसरं कुणी येईल, आणि त्याला एकदाणीशी काही देणंघेणं नसेल. वाशीमच्या कोर्टात एक वकील अशी कामं पाहतात, त्यांच्याकडे जा. बाबा हो म्हणाले. काय होईल ते माहीत नाही. वकिलांनाही नक्की माहीत नाही, असं बाबा आल्यावर म्हणाले. पण जाणं सुरू केलं आहे.

त्या संध्याकाळी आबा गेल्यावर काकू हिरवी साडी नेसून अंगणात आली. मी तुळशीपाशी होते. तिनं वर पाहिलं, फांदीकडे. मग पायाच्या बोटांवर उभी राहिली, हात उंच केला आणि एका सीताफळाला धरलं. पडलेल्या नाही. फांदीवरच्या.

भुरीबाई तिच्या ओट्यावरून पाहत होती. तिनं तोंड उघडलं. मी वाक्य तयारच ठेवलं होतं, की भुरीबाई, तुमच्या घरी कागद हाय आणि तारेवर चोरीचा आकडा पण हाय.

“ते कच्चं हाय,” भुरीबाई म्हणाली. “वरलं तोड.”

काकूनं वरचं तोडलं. पायरीवर आईशेजारी बसून तिनं ते दोन हातांत दाबलं, फळ मऊ होतं, लगेच उमललं. अर्धं तिनं आईला दिलं. तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटरसायकल आली आणि आमच्या फाटकापाशी जरा हळू झाली. काकूचा हात तोंडापाशी थांबला. मोटरसायकल खड्डा चुकवून पुढे गेली. तरी हात तिथेच.

आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“खाय,” ती म्हणाली.